काळ्या सिगारवरचा शेरा

सिगारच्या कारखान्यात मास्तरांचं काम ऐकायला फार सोपं होतं. रोज सकाळी अकराला एक सिगार ओढायची आणि ती कशी आहे ते वहीत लिहायचं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसायचा. बसून धूर काढायचा आणि वर पगार घ्यायचा, अशी नोकरी आमच्यासाठीही बघा की, असं म्हणायचा. तीस वर्षांत हा विनोद मास्तरांनी इतक्या वेळा ऐकला होता, की समोरच्याने तोंड उघडायच्या आतच ते हसून मोकळे होत.

काम मात्र चेष्टेचं नव्हतं. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या टोकाला होती. एक टेबल, एक खुर्ची, पाण्याचा ग्लास, राख झाडायला पांढरी बशी. खिडकीतून सावलीचा उजेड यायचा, कारण उन्हात पानाचा रंग फसवतो. जेवणाआधी, जिभेवर काही नसताना ते सिगार हातात घेत. आधी बोटांनी दाबून कुठे पोकळ आणि कुठे गच्च ते बघायचं. मग न पेटवताच नाकाखालून न्यायची. टोक कापून एक कोरडा झुरका. मग लाकडाच्या लांब काडीवर, घाई न करता पेटवायची. धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवायचा आणि त्यातला थोडा नाकावाटे सोडायचा. खरी परीक्षा तिथेच. सुरुवातीला एक चव, मध्यावर दुसरी, शेवटी तिसरी, आणि तिन्हींचं नातं जमलंय की नाही, हे मास्तर चार ओळींत लिहीत.

त्यांच्यावर आणखी एक जबाबदारी होती. पानांच्या गासड्यांना कीड लागू नये म्हणून गोदामात विषारी गोळ्यांची धुरी देत. तीन दिवस बंद, मग दोन दिवस दारं-खिडक्या उघड्या. त्यानंतर मास्तर गोदामात जात, गासड्या उघडून वास घेत, त्यातल्या पानांची एक सिगार वळवून ओढत आणि मगच सही करत. ती सही झाल्याशिवाय एकही गासडी पानं निवडायच्या खोलीत जायची नाही. कारखान्यात त्यांना समोर मास्तर म्हणत आणि पाठीमागे नाकराव. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

पानं निवडायच्या खोलीत त्यांची धाकटी बहीण होती. हाताखाली सहा बायका, आणि त्या सगळ्या तिला आक्का म्हणायच्या. मास्तरांची बायको वारून बरीच वर्षं झाली होती, आक्काचा नवराही तरुणपणीच गेला होता, त्यामुळे ही दोघं भावंडं एकाच घरात राहत. आक्काची मुलगी लग्न होऊन गावातच दिलेली होती. सकाळी दोघं बरोबर निघायची आणि संध्याकाळी बरोबर परतायची. वाटेत आक्का बोलायची आणि मास्तर हं हं करायचे.

त्या वर्षी थंडीत मास्तरांना ताप आला. आठ दिवसांनी ताप उतरला, पण वास परत आला नाही. सकाळी दाढी करताना त्यांनी साबण नाकाशी धरला, तर हातात दगड धरल्यासारखं. चहाची पूड, ओला टॉवेल, आगपेटीची काडी, सगळं तसंच. सर्दी अजून गेली नसेल, असं म्हणून त्यांनी दहा दिवस काढले. अकराव्या दिवशी ते स्वयंपाकघरात वाचत बसले होते आणि हातभर अंतरावर दूध करपून पातेलं काळं झालं. आक्का बाहेरून धावत आली, गॅस बंद केला आणि भावाच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

डॉक्टरांनी तपासलं. येईल कदाचित, नाहीही येणार, असं म्हणाले. घरी येताना मास्तर फुटपाथच्या कठड्यावर बसले आणि त्यांनी आक्काला सांगितलं की उद्याच जाऊन मॅनेजरला खरं ते सांगतो. आक्काने ऐकून घेतलं. मग म्हणाली की नोकरीची दोनच वर्षं राहिलीत, आणि तोवर येईलही वास परत. नाक गेलेल्या मास्तरला काय, दारावर बसवतील. तीस वर्षं ज्यांनी मान दिला, तेच टिंगल करतील. ती म्हणाली, मला येतो ना वास. मी सांगत जाईन.

आणि तसंच सुरू झालं. तपासायची पानं वळणाऱ्यांकडे जाण्याआधी आक्काच्या हातून जायची. ती हुंगायची, एखादं पान चुरडून बघायची, आणि साडेदहाला जिन्यात भावाला गाठून हळूच सांगायची. तिचे शब्द तिचे स्वतःचे होते. हे पान शाळेच्या जुन्या बाकासारखं आहे. हे पावसात भिजलेल्या चामड्याच्या चपलेसारखं. ह्याला मनुकांची पिशवी उघडल्यासारखा वास आहे, पण पिशवी जुनी. गासड्या तपासायच्या असल्या की ती काहीतरी निमित्त काढून गोदामात मास्तरांच्या मागे उभी राही, आणि वास ठीक असला तर नुसती खोकायची. मास्तर जे जिभेला आणि घशाला कळतं ते स्वतः पारखत. तिखटपणा कळायचा, कडवटपणा कळायचा, तंबाखूचा जोर डोक्यात चढायचा तोही कळायचा. बाकी आक्काचे शब्द ते वहीच्या भाषेत बसवायचे. चार महिने असे गेले. गंमत म्हणजे वही आधीपेक्षा खुलली. मॅनेजर एकदा म्हणाला की मास्तर, या वयात तुमचं नाक उलट तिखट झालंय. त्या दिवशी घरी जाताना दोघं भावंडं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मग ती काळी सिगार आली. कारखान्याने तोवर सौम्य, फिकट पानाचाच माल काढला होता. आता मालकांना एक काळीभोर, जाड, भारदस्त सिगार बाजारात आणायची होती. बाहेरून गुंडाळायचं पान दोन वर्षं ढिगात दाबून आंबवलेलं, जवळजवळ काळं, हाताला तेलकट. चाळीस गासड्या गोदामात उतरल्या. मोठं गिऱ्हाईक आठवड्याभरात येणार होतं आणि त्याच्यासमोर नमुने ठेवायचे होते. गोदामाच्या मुकादमाने धुरी दिली, तीन दिवस बंद ठेवली, पण हवा दोन दिवसांऐवजी एकच दिवस लागू दिली. शिवाय गासड्यांच्या आतल्या खाचांत खुपसलेल्या गोळ्यांच्या पुरचुंड्या राहिल्या, त्याही त्याने सगळ्या मोजून काढल्या नाहीत. हे सगळं नंतर बाहेर आलं.

त्या सकाळी आक्का नव्हती. पहाटे तिच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या आणि ती दवाखान्यात गेली होती. जाताना तिने मास्तरांना एवढंच सांगितलं की आज गासड्यांवर सही करू नकोस, काहीतरी कारण सांग. मास्तरांनी मान डोलावली होती. पण दहा वाजता मॅनेजर स्वतः त्यांना गोदामात घेऊन गेला. मुकादमाने तीन गासड्यांची शिवण उसवून ठेवली होती. मास्तर वाकले, दोन्ही हातांनी पानांचा थर उचलला आणि त्यात तोंड घातलं. काही नाही. ओलसर गारवा लागला, बस. मॅनेजर आणि मुकादम दारात उभे होते, त्यांच्यापर्यंत वास पोचत नव्हता. पोचलाही असता तरी, नाकराव आत असताना आपण कशाला नाक खुपसायचं, असंच दोघांना वाटलं असतं. पोट बिघडलंय, उद्या बघू, एवढं म्हणायला मास्तरांना काहीच अडचण नव्हती. पुढे कित्येक दिवस ते हे वाक्य मनात म्हणून बघत. पण त्या क्षणी त्यांना वाटलं की आजवर गासड्यांत कधी काही निघालेलं नाही, ते आजच कशाला निघेल.

अकराला वळलेली सिगार टेबलावर आली. मॅनेजरही समोर बसला. सिगार दिसायला देखणी होती. पानाला शीर म्हणून दिसत नव्हती, काळ्या रंगावर तेलाची बारीक चकाकी, दाबल्यावर सगळीकडे सारखी. मास्तरांनी ती नाकाखालून नेली, डोळे मिटले, आणि एरवी जेवढा वेळ लावत तेवढाच लावला. पेटवली. पहिल्याच झुरक्याला जिभेच्या दोन्ही कडांना मिरपूड लागल्यासारखं झालं. धूर दाट होता, तोंडात साय धरावी तसा भरत होता. नाकावाटे सोडला तेव्हा आत चरचरलं, पण नुसतंच चरचरलं. राख घट्ट, करड्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी होऊनही पडत नव्हती. मध्यावर कडवटपणा वाढला, त्यामागून किंचित गोडसरपणा. शेवटच्या भागात जोर एवढा वाढला की कानशिलं ठणकू लागली आणि कपाळावर घाम आला. गोदामात वाकल्यापासूनच डोकं जड होतं, पण त्यांनी ते सिगारच्या माथी मारलं.

मॅनेजरने विचारलं, कशी आहे. मास्तरांनी वही ओढली. जळण सरळ, ओढ मोकळी, अंगाने भरलेली, नवशिक्याने उपाशीपोटी ओढू नये, हे त्यांना खरोखर कळलं होतं, ते लिहिलं. मग पेन थोडं थांबलं. त्यापुढे त्यांनी लिहिलं : भाजलेल्या कॉफीचा आणि जुन्या सागाचा वास, मागे मनुका, परका वास नाही. आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी आक्का कामावर आली ती फुलून. लेकीला मुलगी झाली होती. जिन्यात भेटल्यावर तिने आधी नातीचं वजन सांगितलं, मग केस सांगितले, आणि मग गासड्यांचं काय झालं ते विचारलं. सही केली, असं मास्तरांनी सांगितलं. तिचं तोंड बारीक झालं. पण ती रागावली नाही. बघते, म्हणाली, आणि खाली गेली.

पुढचं मास्तरांना त्या सहा बायकांपैकी एकीने सांगितलं. तिला सगळ्या चष्मेवाली म्हणत. आठ गासड्या खोलीत आल्या होत्या आणि पहिली उसवल्याबरोबर लसणीसारखा, वर थोडा सडक्या मासळीसारखा वास आला. चष्मेवाली म्हणाली की आक्का, हा वास नेहमीचा नाही, मास्तरांना खाली बोलावू या का. मास्तर खाली आले असते तर त्यांना सगळ्यांसमोर त्या पानांत नाक घालावं लागलं असतं. मग ती म्हणाली की मास्तरांची सही आहे, ते कशाला पुन्हा येतील. बंद राहिलेला माल आहे, थोडी हवा लागली की जाईल. तिने दोन्ही खिडक्या उघडल्या आणि सहाही जणींना वरच्या खोलीत जुनी पानं सोलायला पाठवून दिलं. तोवर मी या मोकळ्या करते, म्हणाली.

पानं तुटू नयेत म्हणून निवडायच्या आधी त्यांच्यावर पाणी शिंपडतात. आक्कानेही शिंपडलं. गासड्यांत राहिलेल्या पुरचुंड्या ओल्या झाल्या, आणि त्या गोळ्यांना पाणी लागलं की त्यांतून वायू सुटतो, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिने एकटीने पाच गासड्या उसवून पसरल्या. बारा वाजता चष्मेवाली तिला जेवायला बोलावायला आली, तेव्हा आक्का सहाव्या गासडीला टेकून बसली होती आणि तिला उभं राहता येत नव्हतं. त्याच वेळी मास्तर वरच्या मजल्यावर दुसऱ्या एका सिगारचा शेरा लिहीत होते.

दवाखान्यात ती जेमतेम एक दिवस जगली. तिच्या फुप्फुसांत पाणी भरत होतं. वरच्या मजल्यावर बाळंतिणीच्या खोलीत तिची लेक होती, आणि आईला साधी चक्कर आली आहे असं तिला सांगितलं होतं. दुपारी थोडा वेळ आक्का शुद्धीवर आली. मास्तर तिच्या पायाशी बसले होते. तिने त्यांना जवळ बोलावलं.

"लसणीसारखा होता, दादा," ती म्हणाली. "माहीत असू दे तुला."

मग दम खाऊन म्हणाली, "कुणाला सांगू नकोस."

नक्की काय सांगायचं नाही, हे विचारायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दवाखान्याने कळवल्यामुळे सरकारी चौकशी लागली. एक तपासनीस बाई येणार होत्या. आदल्या दिवशी मॅनेजर मास्तरांच्या घरी आला, बराच वेळ चांगलं बोलला, आणि मग मुद्द्यावर आला. कारखान्याचं म्हणणं सरळ होतं. त्याच गासड्या आदल्या दिवशी मास्तरांनी तपासल्या होत्या, सिगार ओढली होती, परका वास नाही असं लिहिलं होतं. एवढ्या नामांकित नाकाला जे लागलं नाही, ते तिथे नव्हतंच. म्हणजे आक्काचंच काहीतरी जुनं दुखणं असणार. उद्या तपासनीस बाईंसमोर त्याच मालाची एक सिगार ओढून दाखवायची आणि शेरा पुन्हा सांगायचा. मास्तर काही बोलले नाहीत. मॅनेजरला तो होकार वाटला. मास्तरांनाही तो जवळजवळ होकारच वाटला होता. शेवटी बहिणीनेच तर सांगितलं होतं.

तपासनीस बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. मास्तरांच्या खोलीत त्या, मॅनेजर आणि मुकादम असे तिघे बसले. काळी सिगार बशीत ठेवलेली होती. मास्तरांनी ती उचलली, दाबून बघितली, नाकाखालून नेली, टोक कापलं, पेटवली. तीस वर्षांची सवय होती, हात आपले आपण चालत होते. धूर तोंडात घोळवत त्यांनी सांगायला सुरुवात केली. दाट धूर, तिखट सुरुवात, भाजलेली कॉफी, जुना साग. बाई लिहून घेत होत्या. मुकादम खाली मान घालून बसला होता. मनुका, असं म्हणताना मास्तरांना आठवलं की मनुका हा शब्द आक्काचा. चार महिन्यांपूर्वीच्या दुसऱ्याच कुठल्या पानाबद्दल तिने तो वापरला होता, आणि त्या दिवशी वहीत काहीतरी लिहायला हवं म्हणून त्यांनी तो इथे चिकटवला होता.

बाईंनी मान वर न करता विचारलं, "आणि लसणीसारखा वास? त्या बायका सांगतात तो?"

मास्तरांनी सिगार बशीत ठेवली.

"बाई, मला वास येतच नाही," ते म्हणाले. "थंडीपासून गेलाय. हे सगळं मी अंदाजाने सांगतोय."

मॅनेजर उठून उभा राहिला आणि म्हणाला की बहिणीच्या जाण्याने यांच्या मनावर परिणाम झालाय. बाईंनी त्याला बसायला सांगितलं. मग त्यांनी मुकादमाला दोन पानं आणायला पाठवलं, एक चांगलं आणि एक बुरशी धरून फेकलेल्या ढिगातलं. मास्तरांच्या डोळ्यांवर त्यांचाच रुमाल बांधला. मुकादमाने सडकं पान आत आणताच मॅनेजरने तोंड फिरवलं आणि बाईंनीही पदर नाकाला लावला. दोन्ही पानं मास्तरांच्या नाकाशी धरली. त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, दोन-दोनदा श्वास घेतला, आणि मग सांगता येत नाही म्हणाले. रुमाल सोडल्यावर त्यांनी चार महिन्यांचं सगळं सांगितलं. कोण खोकायचं, कोण जिन्यात भेटायचं, सगळं. त्यांना सांगून मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

आक्काच्या लेकीला ते दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, म्हणून त्याच दुपारी ते तिच्याकडे गेले. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मास्तरांचं सांगून झाल्यावर तिने विचारलं,

"म्हणजे आईला वास आला होता."

"हो."

"आणि तरी ती आत थांबली."

"हो. मला खाली बोलवावं लागलं असतं म्हणून."

ती बराच वेळ बाळाच्या पायाचा मोजा वर-खाली करत राहिली. मग म्हणाली, "मामा, मला वाटत होतं अपघात झाला. तेवढं मला पुरत होतं रे. हे कशाला आणून दिलंस?"

खरं आहे म्हणून, असं म्हणता आलं असतं, पण चार महिने रोज वहीत खोटं लिहिलेल्या माणसाने ते कुठल्या तोंडाने म्हणायचं. ते पाणीही न पिता उठले. दारापर्यंत ती आली नाही.

खटला उभा राहिला. मुकादमाने घाईचं खापर मॅनेजरवर फोडलं, मॅनेजरने मास्तरांच्या सहीवर. सही मास्तरांची होती, त्यात वाद नव्हता. त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली, मुकादमाला सहा महिन्यांची. मॅनेजर दुसऱ्या कारखान्यात गेला. ती काळी सिगार बाजारात आलीच नाही, चाळीसही गासड्या गावाबाहेर नेऊन पुरल्या. निकालाच्या दिवशी भाची कोर्टात आली नाही. निवडायच्या खोलीतल्या सहाही जणी मात्र आल्या होत्या आणि मागच्या बाकावर ओळीने बसल्या होत्या. शिपाई मास्तरांना घेऊन निघाला तेव्हा चष्मेवाली उठून उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं. पण मास्तर जवळ आले तशी तिने बाजूला सरून वाट दिली.

शिक्षा भोगून आल्यावर मास्तर जुन्या घरी गेले नाहीत. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका छापखान्याच्या मागे त्यांनी खोली घेतली आणि तिथेच कागद मोजायचं काम धरलं. वर्षातून एकदा, नातीच्या वाढदिवसाला, ते भाचीला पत्र टाकतात. तीन वर्षांत एकदा उत्तर आलं. त्यात मुलगी आता शाळेत जाते आणि आजीसारखी सतत बडबडते, एवढंच होतं. खाली सही नव्हती. मास्तरांनी ते उभ्याउभ्याच दोनदा वाचलं, घडी घातली, आणि कागदांच्या गठ्ठ्याकडे वळून जिथे मोजणी चुकली होती तिथपासून पुन्हा मोजायला लागले.